आकडा

प्राणीगृहात चप्पल बाहेर काढावी लागते.
बाबाजान शिकलगार ती सरळ करून ठेवतो,
टाच भिंतीकडे, दर्ग्याच्या पायरीशी ठेवावी तशी.
आत सदतीस पिंजरे, लक्ष्मीपुरीच्या वखारीतला भुसा,
आणि एक वास, जो माझ्या डब्यातल्या भाकरीलाही लागतो.

नरांच्या अंगावर पिक्रिकचे पिवळे पट्टे:
डोक्यावर एक, पाठीवर दोन, शेपटीच्या मुळाशी तीन.
"हळद लागली," बाबाजान म्हणतो, "आता मांडवात चला."
संध्याकाळी एकेकापाशी दोन माद्या सोडतो.
सकाळी मी ड्रॉपरनं थेंब घेते, काचेवर पसरते,
बीज दिसलं तर वहीत लिहिते: दिवस शून्य.
तिसऱ्या गटाच्या पानावर अकरा दिवस
नुसत्या आडव्या रेघा.

तिसरा गट म्हणजे
उसात मारतात ते औषध,
थेंबाच्याही कितव्या तरी हिश्श्याचं, रोज, तोंडावाटे.

बुधवारी नर संपवायचे.
(मारायचे. प्रबंधात तसं लिहीत नाहीत.)
कोमट मिठाच्या पाण्यात मसुरीएवढा तुकडा कातरला
की उदबत्तीच्या धुरासारखं काही सुटतं, पसरतं.
चौकटीच्या काचेवर मी मोजत बसते,
अंगठ्याखाली मोजणीयंत्र, टक, टक.
मेलेलं गुलाबी रंग पितं, जिवंत कोरं राहतं.
उंदराच्या बीजाचं डोकं माणसासारखं लंबगोल नसतं,
विळ्याच्या टोकासारखा त्याला आकडा असतो.
तिसऱ्या गटात आकडा नाही.
बोथट डोकी, मुडपलेल्या शेपट्या,
रंकाळ्याच्या जलपर्णीत अडकल्यासारखी
जागच्या जागी थरथरतात.

"मॅडम."
बाबाजान दारात. हात बंडीच्या आत, छातीशी.
"उबेला ठिवलीया. तुम्हीच सांगता न्हवं, गार झालं की मरतंय."
बाटली आमचीच होती, बुचाची, धुतलेली.

इर्शादचं होतं. त्याचा थोरला.
सहा हंगाम पाठीवर पंप घेऊन
वडणग्यापासून चिखलीपर्यंत दुसऱ्यांच्या उसात फवारतो.
"सुनंला चार ठिकाणी दावली. एका हकिमानं तर उपाशी ठिवली.
पोराला कोण दावतंय?"

मी म्हटलं, परवानगी उंदरांचीच आहे, बाबाजान.
तो हसला नाही, रागावलाही नाही.
"उंदराचं बघून माणसाचं कळतंय,
म्हणूनच मारतोय न्हवं आपण?"

आपण, म्हणाला.

टाचणवहीचं पान फाडून मी पत्ता लिहिला,
राजारामपुरी, कितवी गल्ली, किती वाजता.
खाली लिहिलं: इर्शादनं स्वतः जायचं.
'स्वतः'खाली दोन रेघा मारल्या.
त्यानं चिठ्ठीची घडी बंडीत ठेवली, बाटली होती तिथंच.
बाटली बेसिनवर नेऊन तीनदा खंगाळली,
आमच्या बाटल्या खंगाळतो तशी, आणि पालथी घातली.

मी भिंगाला डोळा लावला.
यंत्रावर दोनशे सहा.
ते आधीचे की आत्ताचे, आठवेना.
शून्यावर आणून पुन्हा पहिल्या चौकटीपासून.

सहाला दिवे मालवताना तो आतून ओरडला,
पिंजऱ्याच्या कड्या वाजत होत्या,
नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा म्हणाला:
"तिसऱ्यातल्या माद्यांचं काय करायचं, मॅडम?
त्या तर चांगल्या हाईत की."