भंगारवाला गेल्यावर

चार माग होते. दुपारी किलोवर गेले.
शब्बीर भंगारवाल्यानं काटा दोनदा दाखवला,
माणूस सरळ आहे.
नोटा मोजताना तो माझ्याकडं नाही,
छपराकडं बघत होता.

संध्याकाळी राजमणी म्हणाली, आज चूल नको.
चूल म्हणजे गॅसच, पण ती चूलच म्हणते.

होटगी रोडला नवं काढलंय. काचेचं.
दारावर लाल कागदी कंदील,
आत एसी,
बाहेर रात्री आठलाही डांबर चपलेला धरतंय.
पाटीवर लिहिलंय, एशियन फ्युजन.
मी म्हणालो, फ्यूज उडाल्यासारखं वाटतंय की,
आणि चार टेबलांच्या माना वळल्या.

आमचा आवाज मोठा आहे.
एकतीस वर्षं खटक-खटकच्या वरून बोलून
चढला तो चढलाच.
इथं तर चमचासुद्धा हळू ठेवतात.

मेनू पुठ्ठ्याचा, पाटासारखा जड.
बाओ, रामेन, किमची डोसा,
आणि खाली ठळक अक्षरात
सोलापुरी शेंगा चटणी डिमसम.
राजमणीनं त्यावर बोट ठेवलं,
बोट सरकवत किमतीपर्यंत नेलं,
म्हणाली, एवढ्यात माझ्या आईनं
वर्षाची चटणी कुटली असती.
हे ती तेलुगूत म्हणाली.
पलीकडची पोरगी गालात हसली,
म्हणजे पूर्व भागातलीच,
दाजी पेठ नाहीतर साखर पेठ.

वेटर मिझोरामचा. छातीवर नाव, मुआना.
हिंदी इतकी हळू की नुसते ओठ हलायचे.
बाकीची गिऱ्हाइकं पुढं वाकून, काय? काय म्हणला बे?
आम्हाला सगळं कळत होतं.
शेडमध्ये कान कशाला लागतात,
ओठ दिसले की झालं.
तिखट चालेल का. चालेल.
काटा देऊ की काड्या. काड्या दे.
रामेनही सांगितलं.
त्याचे पैसे तीन नंबरच्या मागातले धरू,
तो तसाही सारखा धागा तोडायचा.

काड्या काही जमल्या नाहीत.
डिमसम निसटून पाण्याच्या ग्लासाला जाऊन टेकला.
तिनं इकडं तिकडं बघितलं,
आणि उचलून तोंडात टाकला, हातानंच.
चावताना डोळे बारीक केले.
लसूण कच्चा ठेवलाय, म्हणाली.

मी रुमाल उलगडला.
मांडीवर नाही, डोळ्यांजवळ धरला. सवय.
टेरी, दोनपदरी सूत,
काठाला एक वीण सुटलेली.
आपला नाही, मी म्हणालो, अक्कलकोट रोडचा असणार.
ठेव खाली, लोक बघताहेत.
लोक आधीपासूनच बघत होते.

रामेन आलं. वाडग्यात अर्धं अंडं,
हिरवा पाला, आणि शेवया, लांबच लांब,
ओढाव्यात तेवढ्या येतच राहतात.
ती ओढत राहिली.
साडेनऊला आम्ही दोघांनीही एकदम मान वर केली.
पाळी बदलायची वेळ.
मग परत वाडग्यात बघू लागलो.

तेवढ्यात कोपऱ्यात कुणाचातरी वाढदिवस निघाला.
दिवे बारीक, गाणं मोठं, टाळ्या,
जमिनीतून वर येणारं धडधड धडधड.
कुणाचं कुणाला ऐकू जाईना.
सगळं हॉटेल एकमेकांच्या कानाला लागलं,
हाताचे कर्णे करून ओरडू लागलं.

आम्ही दोघं तेवढे ताठ बसून होतो, आपापल्या खुर्चीत.
दुपारपासून पहिल्यांदा
मला नीट ऐकू येत होतं.
राजमणी टेबलापलीकडून ओठ हलवत होती,
घशातून जराही आवाज न काढता,
दोन मागांच्या मधून बोलायची तशी.

मीठ कमी आहे.

मागवू का?

नको. पोराला वाईट वाटेल.