पूर्वेची रेष

सुमेध पुण्याहून शिकून आला
आणि बांबूला कॅमेरा बांधला.
जालन्याच्या मालधक्क्यामागं आमचं मैदान,
गवत नावाला, खडी मनापासून.
पोरींचे गुडघे वाचता आले तर
मागच्या चार वर्षांचा सगळा हिशेब तिथं आहे.

पण आता हिशेब लॅपटॉपवर.
कोण किती पळाली, कुणाचा पास कुठं तुटला,
रंगीत नकाशे, वावर जास्त तिथं लाल,
कमी तिथं निळं.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
बावीस वर्षं मी डोळ्यांनी संघ निवडला
आणि डोळ्यांना लाडकी माणसं असतात.
बोर्डेसरांची पुतणी मी दोन हंगाम उगाच खेळवली.
आकडा बोर्डेसरांना ओळखत नाही.

मोनाली खंदारे, सात नंबर, उजवी कड.
सुमेधनं तिचे सहा सामने माझ्यापुढं ठेवले.
पहिला हाफ : कड निळी, थंडगार,
चेंडू आला की ती आत वळते, नाहीतर मागं देते.
दुसरा हाफ : तीच कड लालबुंद.
"सर, हिचं इंजिन उशिरा तापतं.
पहिल्या हाफला बसवा."

बसवली.
अंबडविरुद्ध दुसऱ्या हाफला उतरवली,
तिनं दोन गोल करून दिले.
परतूरविरुद्ध एक स्वतः मारला.
सुमेध काही बोलला नाही, फक्त
त्या दिवशी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

आकडा बरोबर होता. हे मी आजही म्हणतो.

मग एका संध्याकाळी जाळी गुंडाळताना
सहज विचारलं, पहिल्या हाफला काय होतं गं तुला?
ती बूट काढत होती.
आतली खडी झटकली, दोनदा,
आणि म्हणाली,
"पहिल्या हाफला आपली उजवी बाजू धक्क्याकडं येते, सर."
मग?
"तिकडं बाबा असतेत, रेक लागला की.
मी चेंडू घेऊन भिंतीपाशी गेले
की पोतं खाली ठेवून बघत उभे राहतेत.
मुकादम खेप कापतो.
म्हणून मी नेतच नाही तिकडं."

खरंच की.
पिंपळाखालचा गोल पहिल्या हाफला यजमानांचा,
ही इथली जुनी रीत.
उजवी म्हणजे पूर्व. पूर्व म्हणजे भिंत.
भिंतीला भगदाड, भगदाडातून दिसणारी
पोत्यांची थप्पी आणि पाठी.
कॅमेऱ्याला दिसलं नाही म्हणून मी हसणार कसा?
मी तर खालीच उभा होतो,
बांबूपेक्षा जवळ.

रविवारी उपांत्य सामना.
शनिवारी मी मालगोदामाच्या बाबूला फोन लावला :
रेक कधी लागतोय?
तो म्हणाला, मास्तर, खत पाहिजे का तुम्हाला?

रविवारी रेक नव्हता.
मोनाली पहिल्या मिनिटापासून.
पूर्वेची रेष तिनं अक्षरशः उकरून काढली,
चुना उडून मोज्यांवर.
हरलो. एक शून्य, कॉर्नरवर,
आमची बचावफळी डुलक्या घेत होती,
तिचा त्यात काही संबंध नाही.

रात्री सुमेधचा नकाशा आला.
सगळी कड लाल,
फक्त भगदाडापाशी एक ठिपका गडद, वेगळाच.
तिथं ती चेंडू नसताना थांबली होती,
एकदाच, सात सेकंद.
रेकचा रकाना त्यानं आता केलाय,
शिकाऊ वृत्तीचा पोरगा आहे.
खाली विचारलं होतं : सर, हे काय? दुखापत?

मी लिहिलं, नाही.
मग आणखी थोडं लिहिलं,
आणि पुसलं.