पाणी कुठून जाईन

गोरेवाड्यामागच्या त्या टेकडीला नकाशात नाव नाही.
उतरणीला नावं आम्ही दिली, पडून पडून.
वरून तिसरं वळण म्हणजे वासनिकची हनुवटी : सात टाके.
त्याखाली मुरमाचा सरळ घसारा, त्याला म्हणतो पगारवाढ,
समोर दिसते आणि हाती लागेपर्यंत संपते.
मग धावड्याची दोन झाडं,
हँडलपेक्षा चार बोटं जास्त अंतर,
तिथे श्वास आत घ्यायचा आणि कोपरं विसरायची.
ते बेनझीरचं दार. ती एकटीच तिथे ब्रेक लावत नाही.

मी वीजमीटर विभागात.
आठवडाभर लोकांच्या भिंतींवरचे आकडे वाचतो.
माझ्या स्वागताला आधी कुत्रं येतं, मग माणूस.
रविवारी पाच वाजता, डिसेंबरात,
कानटोपीवर हेल्मेट चढवून
सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरतो.

टेकडी काही मोठी नाही.
खऱ्या डोंगरातला पाहुणा हसेल.
चढायला अठरा मिनिटं, त्यातली सहा ढकलत.
वर एका अंगाला तलाव,
दुसऱ्या अंगाला कोराडीच्या चिमण्या,
आणि मधे शहर, न उघडलेल्या पार्सलसारखं.
उतरायला चार मिनिटं.
त्या चार मिनिटांत कर्ज नाही, पित्त नाही, साहेब नाही;
पुढच्या चाकासमोरचा दगड,
आणि तो गेला की त्याच्या पुढचा.

बिरजाबाई मरसकोल्हे पगारवाढीच्या मधोमध उभी होती.
अकरा बकऱ्या, एक काठी, कुणाचा तरी मोठा स्वेटर.
दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक गेलं,
मागोमाग मी.
तिनं मला उठवलं नाही.
कोपरावर फुंकर मारून होईपर्यंत थांबली, मग म्हणाली,
"ह्या नाल्या तुमीच पाडून राह्यले न जी?"

कुठल्या नाल्या?
तिनं काठी टेकवली. काठी वीतभर आत गेली.
सात वर्षं जी रेघ मी वेगात पाहत आलो
ती उभ्यानं कधी पाहिलीच नव्हती :
टायरनं कोरलेली, दर पावसाळ्यात खोल गेलेली,
सागाची मुळं बाहेर, उघड्या वायरिंगसारखी.

"बकरीचा पाय अडकते इथं. मांगच्या साली एकीचा मोडला.
तुमी जाता भुर्रकन. पाणी कुठून जाईन,
इचार केला काय कोनी?"

वासनिक म्हणाला, मावशी, मग काय उडू?
ती हसली नाही. दगड दाखवले.
"आडवा नाही, तिरपा ठेवा. अस्सा.
पाणी रागानं येते. त्याले अडवू नोका,
बाजूले काढून द्या."

पुढचे चार रविवार कुदळ, घमेलं,
आणि बेनझीरच्या भावाची सब्बल.
याला सेवा वगैरे म्हणू नका,
पाठ धरते आणि माणूस चिडचिडा होतो.
पिंजरकर दुसऱ्या रविवारनंतर आलाच नाही;
त्याची सायकल विकायची आहे, चौदा हजार, हवी तर सांगा.
बिरजाबाई सावलीत तंबाखू मळत
आमचे दगड नापास करायची.
एकदा विचारलं, या उतरणीला तुम्ही काय म्हणता?
"काई नाई म्हनत जी. येतो न जातो."

जानेवारीत मावठा आला, रात्री दोनला, गारांसकट.
मी उठून बसलो.
बायकोला वाटलं, गाडीवर ताडपत्री टाकायची राहिली.
मी म्हणालो, तिसरा दगड कच्चा बसलाय.
तिनं कूस बदलली.

उजाडल्यावर गेलो.
अकरापैकी नऊ जागेवर होते.
तिसरा होता.
त्याच्यापाशी पाणी तिरपं वळून
वाळल्या तरोट्यात शिरलं होतं, मागे गाळाची जीभ ठेवून.
ओल्या मुरमात, अगदी मधोमध,
खुरांच्या जोड्या, वर जाणाऱ्या.

सायकल आणली नव्हती.
सुटलेले दोन दगड पुन्हा बसवले
आणि चालत खाली आलो. बावीस मिनिटं.