मोजदाद

हेम्मडग्याच्या पुढं डांबर संपतं.
मग तांबडी माती, मग कळकाची बेटं,
मग नवलू एडगे, काठीनं पाचोळा सारत आधी चालणारा.
"माझ्या पावलात पाऊल टाका.
फुरसं असतं. पानाच्याच रंगाचं."

आम्ही चौघं बेळगावचे.
पाठीवर महागड्या पिशव्या, डब्यात कुंदा,
तोंडात शिखरांच्या उंचीचे आकडे.
वीस वर्षं डोंगर चढलो ते वर पोचायला.
यंदा मोजायला आलोय.
गुहेच्या तोंडाशी गप बसायचं
आणि दिवस बुडताना निघणारी वाघळं मोजायची.
वनखात्यानं प्रत्येकाच्या अंगठ्याखाली एक यंत्र दिलंय,
दाबलं की टिक्.

फकीरगौडा वॉचर बॅटरीला लाल कागद गुंडाळतो.
"मातु बेड," म्हणतो, आणि ओठांवर बोट.
त्याला मराठी येतं, नवलूला कन्नड.
भांडताना मात्र दोघं भाषा बदलून घेतात,
शिवी नीट पोचावी म्हणून.

आधी वास येतो, आंबलेल्या गोणपाटाचा.
मग एक.
मग बराच वेळ कुणीच नाही.
मग चुलीतली राख कुणी फुंकावी तसं
कानाजवळून काहीतरी जातं
टिक्
टिक् टिक्
चाळीसपर्यंत मी प्रामाणिक होतो.
पुढं अंगठा एकटाच धावत सुटला.

"एष्टु?" गौडा विचारतो.
एकसष्ट. अठ्ठावन्न. त्र्याहत्तर. चौसष्ट.
तो म्हणतो, सरासरी काढा.
नवलू तंबाखू मळता मळता हसतो:
"सरासरी वाघूळ उडतं कसं ओ?"
त्याच्याकडं यंत्र नव्हतं.
सांजेला म्हशी मोजतो तसंच मोजलं म्हणाला,
आलेल्या दिसतातच,
न आलेल्या तेवढ्या मोजायच्या.
"किती?"
त्यानं चुना पुसला दगडाला. सांगितलं नाही.

रात्री त्याच्या वाडीत. अकरा घरं,
सातांच्या सह्या झालेल्या.
मागच्या महिन्यात दुसरी मोजणारी माणसं आली होती,
तक्ता घेऊन: घर, गवती की कौलारू.
म्हशी. फणस. आंबे, फळणारे, न फळणारे.
अंगणाच्या कोपऱ्यात वारूळ आहे, माझ्या छातीएवढं,
हळद-कुंकू, हिरव्या खणाची चिंधी.
सातेरी.
तिला रकाना नव्हता.
साहेब भला माणूस, पायताण काढून उभा राहिला,
आणि लिहिलं: इतर, एक.

"मी नांदायला आले तवा माझ्या गुडघ्याएवढी होती,"
बमाबाई भाकरी उलटताना सांगते.
"आता न्यायची कशी?
वंजळभर माती नेली, तर माती जाईल,
वाळवी ऱ्हाईल हितंच.
आन् वाळवीच तर ती."

आमच्यातल्या एकानं घाईनं मान डोलावली,
म्हणाला, नाही मावशी, तुम्ही जाऊच नका,
हे सगळं असंच राहायला पाहिजे.
तिनं तव्यावरून नजर काढली नाही.
"सून अडली होती.
घोंगडी बांबूला बांधून नेली चौघांनी.
वढ्याच्या अल्याड मोकळी झाली, रातच्याला.
पोर कापडात गुंडाळून माघारी आनलं."
भाकरी फुगली. तिनं ती माझ्या ताटात टाकली.
"सही ह्यांनी नाही केली. मी केली."

नवलू उठून बाहेर गेला.
वारुळापाशी उभा राहून
अंधारात कुणाला तरी कन्नडमधून शिव्या देत राहिला.
गौडा खाली मान घालून ताक प्याला.

सकाळी वहीत आकडा भरला: चौसष्ट.
सरासरी ती.
यंत्र परत करायचं राहून गेलं.
खानापूरच्या स्टँडवर सुट्टे पैसे काढायला
खिशात हात घातला, तर त्यावर दोनशे बारा.
चालताना, मांडीला घासून,
प्रत्येक हिसक्याला ते काहीतरी मोजत आलं होतं.

शून्यावर नेणारं भोक बारीक असतं,
आत नख घालावं लागतं.
नखं मी निघायच्या आदल्या दिवशीच कापली होती.