झडती

जेलरोडच्या दुकानदारानं शपथेवर सांगितलं होतं,
नर-मादी आहे काका, अस्सल जोडी.
लव्हबर्ड. आफ्रिकेतले, वाळवंटाच्या कडेचे.
हिरवी अंगं, गाल पिकल्या पेरूच्या गरासारखे,
शेपटाच्या मुळाशी निळी शाई सांडलेली.
चिमणीहून थोडेच मोठे, पण आवाज
सिन्नर फाट्यावरच्या ट्रकचा.

मी चौतीस वर्षं प्रेसमध्ये, नाशिकरोडला.
तिकिटं छापायचो आम्ही; माझं काम भोकांचं.
ताव यायचा, यंत्र खाली बसायचं,
दोन तिकिटांच्या मध्ये
बारीक भोकांची हद्द पडायची,
म्हणजे पोस्टात कात्रीवाचून फाटावं.

परवा थोरलीनं
(दांडगीला आम्ही थोरली म्हणतो)
लाइटबिलाची कड चोचीत धरली
आणि चालवली चोच, टिक टिक टिक,
भोकाला लागून भोक.
मग ओढलं. पट्टी सुटली,
बोटाएवढी लांब, काडीएवढी रुंद.
पुढची तशीच. तिच्या पुढची तशीच.
मी फूटपट्टी आणून मोजल्या.
शशिकला म्हणाली, हिला पगार चालू करा आता.

पट्टी तिनं मान वळवून
कमरेच्या पिसांत खोचली.
दुसरी. तिसरी. पाचवी.
उडताना दोन गळाल्या, तिनं वळून पाहिलं नाही.
मडक्यात शिरली, मोकळी होऊन बाहेर आली.

मला हसू आलं नाही.
सुटीच्या भोंग्याला आमची रांग लागायची,
खिसे उलटे, डबा उघडा, चपला झटका.
कोऱ्या कडेचं चिटोरंही बाहेर जात नसे.
एकदा माझ्या केसांत अडकलेली
भोकातली टिकली, मोहरीएवढी,
निकमसाहेबानं चिमटीत धरून
उजेडाकडे करून पाहिली होती.
आणि ही बया
ढुंगणावर अख्खं दप्तर खोचून
माझ्या डोळ्यांदेखत पसार.

अंडी झाली. चार, सहा, मग दहा.
एकीची इतकी नसतात, डॉक्टर म्हणाला,
दोन्ही माद्याच आहेत.

पण एक डोकं वाकवते, दुसरी
तिची चोच पोचत नाही तिथलं पीस उकलून देते.
रात्री दांडीवर अशा चिकटून की मधून दोरा जायचा नाही.
मी हात घातला तर दोघी मिळून चावतात,
रक्त काढतात.

भांडायला म्हणून चपला घातल्या.
काय बदलून आणणार? शशिकलेनं विचारलं,
आणि वाटाणे सोलत राहिली.
दारात थोडा वेळ उभा राहिलो. चपला काढल्या.

तेवीस दिवस झाले. तीस झाले.
अंडी गार आहेत हे त्यांनाही कळत असणार.
आळीपाळीनं बसतात.

आज सकाळी जुन्या पेन्शनच्या स्लिपा काढल्या
आणि पिंजऱ्याच्या तारेतून एकेक आत सारली,
कड तिच्याकडे करून,
मशीनला ताव द्यायचो तशी.