गुण्या

गंगाखेडच्या आयटीआयत, फिटर शॉपमध्ये
डोईफोडे सर एकदाच सांगतात.
व्हर्नियरचं लीस्ट काउंट सांगितलं तेव्हा
मी मान हलवली, बाकीच्यांसारखीच.
रात्री गच्चीवर, टाकीच्या कडेला जिथं रेंज येते,
मोबाइलमधल्या माणसानं तेच अकरा वेळा सांगितलं.
एकदाही म्हणाला नाही, मघाशी लक्ष कुठं होतं.

पण कानस हातात घेतली की तो गप्प.
त्याला माझं कोपर दिसत नाही.
सरांना पाठमोरं उभं राहूनही कळतं :
"जयवंता, उजवीकडं दाब पडायलाय."
गुण्या लावून जॉब खिडकीपुढं धरला
तर खरंच, उजव्या कडेला
केसाएवढा उजेड.

दिवाळीनंतर सीएनसी आलं, खोक्यासकट.
तीन दिवस कव्हर काढायला कुणी धजेना.
चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सर माझ्याजवळ आले,
"तुझा तो माणूस ह्याचं सांगतो का रे?"

एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या.
दहा मिनिटं बसले, रुमालानं चष्मा पुसत.
मग म्हणाले, "मागं घे.
त्याचं बोलणं नको,
टूल लागतानाचा आवाज ऐकू दे."