खवल्यांची पिशवी

केसपेपरवर एक रकाना होता,
चालू औषधं.
मी म्हटलं, काही नाही.
लिहिणाऱ्या पोरीने आडवी रेघ ओढली.
तसलीच रेघ मी एकोणीस वर्षं ओढत आले,
दिवाळ्याच्या घरात, सासूसमोर, नणंदांसमोर,
आणि याच्यासमोर, जो आता मागच्या बाकड्यावर
टोपी मांडीवर ठेवून बसलाय.

नेरूळच्या दातांच्या कॉलेजात खुर्ची आडवी होते
तेव्हा वरचा दिवा थेट नरड्यात उतरतो.
"मोठा आ करा, मावशी."
एवढा आ मी कुणापुढेच केला नव्हता.
बाजारात भाव सांगतानाही पदर ओठांशी.
लोक म्हणायचे, तांडेलांची सून लाजाळू.
बोंबील विकणारी लाजाळू!
कुणाला त्यात काही खटकलं नाही.

आत काय चाललंय ते मलाच ठाऊक.
गाळ चढत होता.
दर वर्षी थोडा, गुलाबी, फुगीर,
आधी दातांच्या फटीत, मग दातांवर.
आता पुढच्या चारांची नुसती टोकं उरलीत,
भरतीत डोलीच्या खुंटांची उरतात तशी.
ब्रश लावला की रक्त,
म्हणून हलका लावायचा,
म्हणून कधी कधी लावायचाच नाही.

एक पोरगी हिरडीत सळई सरकवून आकडे सांगते,
दुसरी लिहिते.
पाच. सहा. पाच.
बाप माझा होडीतून दोरी सोडून
असंच पाणी मोजायचा.
आठ.
आठला दोघी थांबल्या.
"मावशी, फिटची गोळी घेता का?"

मी मान हलवली. आरसा दातावर वाजला.
नाही.

अकरा वर्षांची होते, शाळेत प्रार्थनेत पडले.
कांदा हुंगवला, अंगारा लावला,
शेवटी ठाण्याच्या सिव्हिलची रांग.
पांढरी गोळी, रात्री एक.
लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली,
गोळी चुकवू नको. आणि बोलू नको.
दोन्ही पाळलं.
पट्टी तांदळाच्या डब्यात, तळाशी.
रिकामी झाली की माशांच्या खवल्यांत,
पिशवीला दोन गाठी.

"घेते ती."
बाकड्यावरून आवाज आला.
"रात्री जेवल्यावर. आधी एक होती,
धाकटी झाली तेव्हापासून दोन."
आणि त्याने गोळीचं नाव घेतलं,
ते अवघड नाव, जे मला अजून धड म्हणता येत नाही.

मी डोळे फिरवून पाहिलं तर म्हणतो,
"खवल्यांची पिशवी टाकायला रोज कोण जायचं गो?"

वाटलं, उठावं
आणि याला टोपीसकट खाडीत लोटावं.
ठाऊक होतं, तर इतकी वर्षं
पदर का धरू दिलास?
पण तोंडात आरसा, सळई, थुंकी ओढणारी नळी.
भांडायला जागाच नव्हती.

पोरगी समजावत होती.
गोळी मनाने बंद करायची नाही, अजिबात नाही.
फिटच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते,
बदलता येते का ते बघतील.
आधी साफ करू, मग वाढलेलं कापू.
घासायचं मात्र रोज, रक्त आलं तरी.
पुन्हा चढू शकतं, मावशी.
चढेल की.
भरतीचं मला काय सांगतेस, बाय.

मग तिने रेघेवर काट मारली
आणि वर बारीक अक्षरात नाव लिहिलं.
रकाना पुरला नाही. बाहेर गेलं.

एका बाजूला सुई दिली होती.
बस थांब्यावर याने पाण्याची बाटली पुढे केली,
अर्धं पाणी हनुवटीवरून ब्लाऊजवर.
हा हसला.
माझा हात सवयीने पदर घेऊन वर गेला,
पण खाली ओठ आहेत की नाहीत,
हसतायत की रडतायत,
काही कळेना.

"आज पिशवी मी टाकणार," मी म्हटलं.
शब्द वाकडे पडले.
त्याने बाटलीचं झाकण लावलं.
"टाक," म्हणाला, "पण एकच गाठ मार.
दोन सोडायला वेळ जातो."